बरोबरीची तीन मिनिटे

धावणे हा एकांतप्रिय माणसाचा छंद आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच निराधार नाही. धाप ज्याची त्यालाच लागते आणि शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात कुणाचे पाय उसने घेता येत नाहीत. तरीही गेल्या हिवाळ्यात पहाटेच्या वेळी मी जे पाहिले, त्यावरून मला असे वाटू लागले आहे की वेग हा एकट्याचा असला तरी तो पुष्कळदा घडतो चारचौघांच्या सहवासात. मात्र तसा तो घडावयाचा असेल, तर त्या चारचौघांना एक शहाणपण आधी शिकावे लागते. त्या शहाणपणाविषयी वाचकांशी चार शब्द बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू.

वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या धर्मग्रामात पावसाळा सरल्यावर चौदा-पंधरा जण पहाटे पाच वाजता चर्चच्या पटांगणात जमू लागले. डिसेंबर महिन्यात होणारी दहा किलोमीटरची शर्यत हे त्यांचे लक्ष्य होते. त्यांत महाविद्यालयात शिकणारे पाच-सहा चपळ तरुण होते, दोन परिचारिका होत्या, भाजीचा टेम्पो दादरला पोचवून आल्यावर झोपेचा त्याग करून येणारा एक बागायतदार होता आणि चाळिशी ओलांडलेल्या एक शिक्षिका होत्या. त्यांना सारी मुले 'टीचर' म्हणतात, कारण त्यांतील निम्म्या मुलांना त्यांनी प्राथमिक शाळेत शिकविले आहे. प्रशिक्षणाची जबाबदारी रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी स्वीकारली होती. तारुण्यात त्यांनी लांब पल्ल्याच्या अनेक शर्यती धावल्या होत्या. त्यांना सगळे 'काका' म्हणतात. माझे वय छप्पन्न. सेमिनरीत असताना रोज सायंकाळी फुटबॉल खेळलो, तेवढीच माझी पुण्याई. सभागृहाचे दार उघडून देणे आणि काकांची नोंदवही सांभाळणे हे माझे काम ठरले. पुढे काकांच्या आग्रहावरून मीही थोडा थोडा धावू लागलो.

दहा किलोमीटर पळण्यासाठी रोज दहा किलोमीटर पळावे, असे नवख्या माणसाला वाटते. त्याने दम वाढतो, परंतु वेग फारसा वाढत नाही. वेगासाठी शरीराला शर्यतीपेक्षा अधिक जलद धावण्याची सवय लावावी लागते आणि तितक्या वेगाने फार वेळ धावता येत नाही. म्हणून ते अंतर तुकड्यांत वाटून मध्ये विश्रांती घ्यावयाची, ही या सरावाची साधी युक्ती. जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हे हृदयतज्ज्ञ यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. धावपटूच्या नाडीचे ठोके मिनिटाला १८०पर्यंत चढू द्यावयाचे, ते १२०-१२५वर उतरेपर्यंत थांबावयाचे आणि मग पुन्हा पळावयाचे, अशी त्यांची रीत होती. दोन धावांमधील विरामातच हृदय बलवान होते, अशी त्यांची धारणा होती, आणि त्या विरामावरूनच या पद्धतीला 'इंटरव्हल' हे नाव मिळाले. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. तो विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी 'फार्टलेक' म्हणजे वेगाचा खेळ ही निराळी रीत रूढ केली. तीत मोजलेली धावपट्टी नसते. रानवाटेने पळता पळता कधी जोर करावयाचा, कधी सैल सोडावयाचे. आमच्याकडे धावपट्टी नाही, रस्ता आहे. म्हणून काकांनी या दोन्ही पद्धतींचा मेळ घातला.

आता सहवासाविषयी. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत एक मैल अंतर धावून इतिहास घडविला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्या यशामागे तिघांचा सराव होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. बॅनिस्टर, ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे तिघे मित्र त्या हिवाळ्यात एकत्र सराव करीत. दहा वेळा ४४० यार्ड पळावयाचे आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. एप्रिलमध्ये ते प्रत्येक फेरीला ६१ सेकंदांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सराव बाजूला ठेवून काही दिवस स्कॉटलंडमध्ये डोंगर चढावयास गेले. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. प्रत्यक्ष विक्रमाच्या दिवशी प्रथम ब्रॅशर आणि नंतर चॅटवे यांनी पुढे राहून गती राखली. चॅटवे यांनी त्याच वर्षी ५,००० मीटरचा विश्वविक्रम केला आणि ब्रॅशर यांनी १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. एकासाठी राबल्याने दुसऱ्याचे नुकसान झाले, असे इथे दिसत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. केनियातील इटेन हे सुमारे २,४०० मीटर उंचीवरील लहानसे गाव. तेथील सेंट पॅट्रिक विद्यालयात १९७६ साली कॉल्म ओ'कॉनेल हे पॅट्रिशियन संघाचे आयरिश ब्रदर भूगोल शिकविण्यासाठी आले. धावण्याचे कोणतेही औपचारिक प्रशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पीटर रोनो याने १९८८ साली सोल येथे १,५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्यांनीच घडविलेल्या डेव्हिड रुडिशा याने २०१२ साली लंडन येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. त्याच इटेनमध्ये गुरुवारी सकाळी धावपटूंचे मोठे थवे मातीच्या रस्त्यावर जमतात आणि एक मिनिट जलद, एक मिनिट सावकाश असा वेगाचा खेळ खेळतात. ज्याला जेवढे झेपेल तेवढा वेळ त्याने थव्याबरोबर राहावे, मागे पडल्यास आपल्या गतीने यावे, असा तिथला प्रघात.

मागे पडल्यास आपल्या गतीने यावे, हे इटेनमध्ये दिवसाच्या उजेडात ठीक आहे. आमची अडचण इथेच उभी राहिली.

तिसऱ्या आठवड्यात चपळ तरुणांनी काकांकडे विनंती केली की आम्हांला वेगळे करा. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. प्रत्येक फेरीनंतर मागच्यांची वाट पाहावी लागते. दोन मिनिटांची विश्रांती चार मिनिटांची होते, अंग थंड पडते आणि सरावाचा हेतूच नाहीसा होतो. वाट न पाहता पुढे जावे, तर पहिल्या आणि शेवटच्या धावपटूमध्ये दीड-दोन किलोमीटरचे अंतर पडते. काका विचारात पडले. तेव्हा टीचर शांतपणे म्हणाल्या, "काका, मुलांचं बरोबर आहे. पण तुम्ही दोन गट केलेत, तर मी उद्यापासून येणार नाही. पाच वाजता त्या रस्त्यावर एकट्या बाईला धावता येत नाही."

त्यावर कुणी काही बोलले नाही. दोन्ही परिचारिका खाली पाहत होत्या. चपळ मुलांसाठी गट ही सोय होती. या तिघींसाठी तो धावण्याची पूर्वअटच होता. वाड्यांमधून जाणारा, दिवे नसलेला तो रस्ता, भटकी कुत्री, भरधाव टेम्पो आणि कधी कधी थांबून पाहणारी माणसे. पुरुषांना ज्याचा विचारही करावा लागत नाही, तो हिशेब स्त्रीला घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी करावा लागतो.

पुढच्या मंगळवारी काकांनी नवा नियम सांगितला. यापुढे अंतर मोजावयाचे नाही, वेळ मोजावयाची. पटांगणाच्या फाटकाशी चुन्याची रेघ आखली गेली. पंधरा मिनिटे संथ धावून अंग तापविल्यावर सर्वांनी एकदम निघावयाचे आणि तीन मिनिटे जोराने पळावयाचे. काका सायकलवरून शिट्टी वाजवतील, तेव्हा ज्याने त्याने जिथे असेल तिथे थांबावयाचे. दोन मिनिटे तिथल्या तिथे चालावयाचे. पुन्हा शिट्टी होताच तोंड फिरवून तीन मिनिटांत रेघेवर परत यावयाचे. तिथे सर्वांनी मिळून दोन मिनिटे विश्रांती घ्यावयाची. अशा तीन फेऱ्या.

या साध्या नियमाने काय घडले ते पाहा. किलोमीटरला चार मिनिटे या गतीने धावणारा तरुण तीन मिनिटांत ७५० मीटर जातो. साडेसहा मिनिटांच्या गतीने धावणाऱ्या टीचर सुमारे ४६० मीटर जातात. मी ३८० मीटरवरच थांबलेला असतो. परंतु परतीची शिट्टी झाली की मी रेघेच्या सर्वांत जवळ असतो, माझ्यामागे टीचर आणि सर्वांत दूर तो चपळ तरुण. ज्यांना मघाशी पुढे कुणी दिसत नव्हते, त्यांच्यासमोर आता पाठलाग करण्यासाठी दहा-बारा पाठी असतात. आणि प्रत्येकाने आपली गती प्रामाणिकपणे राखली असेल, तर तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी सगळे एकाच वेळी रेघेवर पोचतात. शुभवर्तमानातले जे वचन तुम्हांला या ठिकाणी आठवले असेल, ते मुलांनाही आठवले आणि त्यांनी ते मोठ्याने म्हणून टीचरना हसविले.

या नियमात आणखी एक गुण दडलेला होता. जो जाताना हावरेपणाने पळतो, तो परतताना उघडा पडतो. एक तरुण पहिल्या मंगळवारी सर्वांच्या पुढे, जवळजवळ आठशे मीटर गेला आणि परतताना शिट्टी झाली तेव्हा रेघेपासून शंभर पावले दूर होता. त्याला कुणी बोल लावला नाही. रेघेनेच सारे सांगितले होते. तीन आठवड्यांत तो आपली शक्ती नीट वाटून घेण्यास शिकला. दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिला किलोमीटर आवरून धावणे हे जे सर्वांत कठीण कौशल्य, ते त्याला उपदेशाने नव्हे, तर शेजाऱ्यांच्या बरोबरीने पोचण्याच्या ओढीने साधले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. शर्यत जवळ आल्यावर ४०० मीटरच्या नेमक्या, मोजलेल्या धावा कराव्या लागतात. त्यासाठी तरुणांचा गट शुक्रवारी शाळेच्या मैदानावर जाऊ लागला. तिथे गोल फेरा असल्याने इतरांना त्याच मैदानावर सावकाश धावता येई आणि कुणी नजरेआड होत नसे. ज्यांना आपल्या धर्मग्रामात असा गट सुरू करावयाचा असेल, त्यांनी काकांचे तीन नियम ध्यानात ठेवावेत. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या तपासणीवाचून वेगाचा सराव करू नये. जोराचे दोन दिवस लागोपाठ घेऊ नयेत. अंधारात पांढरे किंवा चमकणारे कपडे घातल्याशिवाय रस्त्यावर उतरू नये.

माणसे एकत्र आणण्याचे दोन सोपे मार्ग आपल्या परिचयाचे आहेत. एकात आपण सर्वांना गुणांप्रमाणे निवडून वेगवेगळ्या रांगांत बसवतो, जसे आजकाल शिकवणीच्या वर्गांत केले जाते. दुसऱ्यात सर्वांना एकाच चालीने चालावयास लावतो, आणि मग हुशार मुले कंटाळतात व मंद मुले ओशाळतात. धर्मग्रामाच्या कामात मी स्वतः हे दोन्ही प्रकार पुष्कळ पाहिले आहेत. काकांनी तिसरा मार्ग दाखविला. घाम सर्वांनी सारखा गाळावयाचा, अंतर ज्याचे त्याने कापावयाचे आणि परतण्याची रेघ मात्र सर्वांची एकच ठेवावयाची. त्यामुळे चपळ तरुणाला आपला वेग टीचरसाठी कमी करावा लागला नाही आणि टीचरना कुणाच्या दयेवर धावावे लागले नाही.

शर्यत रविवारी होती. धावणाऱ्यांनी शनिवारी सायंकाळीच मिस्सा साधला आणि पहाटे निघून गेले. रविवारच्या मिस्सांमुळे मला जाता आले नाही. दुसरी मिस्सा आटोपून बाहेर आलो, तेव्हा ते सारे पटांगणात माझी वाट पाहत उभे होते. सर्वांत चपळ तरुणाने ४३ मिनिटांत शर्यत पूर्ण केली होती, आदल्या वर्षीपेक्षा तीन मिनिटे लवकर. टीचरना ७१ मिनिटे लागली. शेवटच्या वळणावर पाहतात तो आपली शर्यत संपवून बसलेली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांच्या नावाने ओरडत होती. मी नोंदवहीत सर्वांच्या वेळा लिहून घेतल्या. टीचरनी विचारले, "फादर, मंगळवारी दार उघडणार ना?" त्या मंगळवारी पाच वाजता रेघेवर आणखी चार बायका उभ्या होत्या.