घोरपड कोणत्या पेपरात?

बीएच्या शेवटच्या वर्षाला मुंबई विद्यापीठात तेव्हा तीन पेपर इतिहासाचे आणि तीन मराठीचे, अशी जोडी घेता येई. मी ती घेतली. मुलुंडच्या आमच्या चाळीत त्याचा अर्थ ‘हिला कॉमर्सला मिळालं नाही’ एवढाच लावला गेला.

इतिहासाच्या तासाला तानाजीच्या पोवाड्यातली घोरपड निघाली की बाई म्हणत, ‘पुरावा नाही, खोडा.’ मराठीच्या तासाला सर म्हणत, ‘घडलं की नाही, हे इथे विचारायचं नाही.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की तिसराच प्रश्न उभा राहायचा, आणि तो कोणाच्याच पेपरात यायचा नाही.

सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. घोरपडीचं नावही नाही. तुळशीदासाच्या पोवाड्यात मात्र ती कड्यावरून मागे फिरते आणि तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतो. कोंढाणा १६७० मध्ये घेतला, हे सांगायला एवढं कशाला हवं? मला वाटतं, कडा चढण्याआधीची धास्ती कुठेतरी सांगायला हवी होती. तानाजीला घाबरलेला दाखवायची सोय नाही, मग शाहिराने ती भीती घोरपडीच्या अंगावर टाकली. हे वाचायला बखरही लागते आणि पोवाडाही.

ग्लासगोत हे कुणाला तरी लवकर उमगलं असावं. तिथे १९११ मध्ये स्कॉटिश इतिहास, कला आणि उद्योगांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्याच्या शिलकीतून १९१३ मध्ये विद्यापीठात ‘स्कॉटिश इतिहास आणि साहित्य’ असं एकच अध्यासन स्थापन झालं. (आपल्याकडे जत्रेचा गल्ला मांडववाल्याची बाकी फेडण्यातच संपतो.) पुढे तिथेही साहित्याचा विभाग वेगळा झालाच.

त्यांच्या वॉल्टर स्कॉटने १८०२ पासून सरहद्दीवरचे पोवाडे जमवून छापले, तेव्हा कवी जेम्स हॉगच्या आईने त्याला सुनावल्याचं हॉग सांगतो: ही गाणी गायची होती, छापून तुम्ही ती बिघडवलीत. आपल्याकडे हे काम १८९१ मध्ये शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अ‍ॅक्वर्थ यांनी केलं. हा अ‍ॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला नाव आहे ते त्याचंच. त्याला सुनावणारी एखादी गोंधळ्याची आई होती का, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर आले आहेत. घाटकोपरची माझी भाची इतिहास मेजर आणि मराठी मायनर घेऊन बसली आहे. तिला मी सभासद आणि शाळिग्रामांचा संग्रह एकदमच दिला. तिने आधी पोवाडा वाचला आणि विचारलं, ‘मावशी, घोरपड खरी नसेल तर ती परत का फिरते?’

मी म्हटलं, ‘दोन्ही शिक्षकांना विचार, आणि एकाच दिवशी विचार.’