दुकानाची दुसरी किल्ली

मैत्रिणींनो, तुमच्या घराची दुसरी किल्ली कुठे असते असं विचारलं, तर तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. शेजारच्या काकूंकडे, नाहीतर पिठाच्या डब्यामागे. पण ज्या दुकानावर तुमचं घर चालतं, त्या दुकानाची दुसरी किल्ली कुठे आहे? मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? ती नव्हतीच!

आमचं शिरूरला किराण्याचं दुकान आहे. जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. सप्टेंबरातली गोष्ट. रात्री जेवणं झाली आणि ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. भाऊजींनी गाडी काढली नि तडक पुणं गाठलं. मी घरी, सासूबाईंजवळ. दुकानाची किल्ली ह्यांच्या खिशात, म्हणजे तीही पुण्याला.

त्याच रात्री पाऊस असा कोसळला, की बाजारातली गटारं भरून वाहू लागली. पहाटे शेजारचे शिंपीकाका दारात उभे. म्हणाले, "वहिनी, दुकानात पाणी शिरलंय." कुलूप तोडायला माणूस मिळेपर्यंत तास गेला. आत गेले, तर खालच्या थरातली साखरेची, रव्याची, मिठाची पोती भिजून बसलेली. त्याचंही मी सोसलं असतं. पण गादीखालच्या खणात उधारीची वही होती. पानं एकमेकांना चिकटली होती आणि शाई पाण्याबरोबर वाहून गेली होती.

आता माझा मूर्खपणा ऐका. मी पदर खोचला आणि आधी झाडू हातात घेतला. आपल्याला घाण बघवत नाही ना! दुपारपर्यंत दुकान लख्ख केलं, भिजलेला माल उकिरड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला, त्याला दाखवायला काही उरलंच नव्हतं. एक फोटोसुद्धा काढला नव्हता. विम्याचे कागद शोधले, तर हप्ता दर वर्षी नेमाने कापला जात होता. पण कागदावर पत्ता जुन्या जागेचा! दोन वर्षांपूर्वी आम्ही दुकान हलवलं, ते कळवायचं राहून गेलं होतं. हातात काही आलं नाही.

उधारीचं काय झालं म्हणाल, तर बरीच गिऱ्हाइकं आपण होऊन आली. "वहिनी, माझ्याकडे एवढे निघतात," असं सांगून पैसे ठेवून गेली. काही आली नाहीत. कोण आलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही, कारण कुणाकडे किती होते तेच मला ठाऊक नव्हतं. ठोक व्यापाऱ्याचा फोन आला, "मागचं बिल कधी देता?" मी म्हटलं, "ते आले की विचारते." इतक्या वर्षांच्या संसारात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

आणि खरं सांगू? मला हे कळायला हवं होतं. माझं माहेर दौंडचं. वडिलांचं कापडाचं दुकान. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुण्याची वाताहत झाली, तेव्हा वडील तरुण होते. पुण्याचं पाणी म्हणजे आपल्याला काय, असं दौंडकराला म्हणता येत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ती भीमा दौंडवरून पुढे जाते. तेव्हापासून मृग लागला, की वडील हिशेबाची पेटी माळ्यावर चढवत आणि खालच्या फळीवर कापडाचा एकही तागा ठेवत नसत. आठवड्यातून एक दुपार आई गल्ल्यावर बसे. गिऱ्हाइकी सांभाळायला नव्हे, वडील म्हणत, "दुकान एकाच्या डोक्यात राहू नये." मी लहानपणी हे रोज पाहिलं आणि लग्न होऊन शिरूरला आल्यावर विसरले. एकदोनदा दुकानाचं विचारलं, तर "तुला काय करायचंय?" असं उत्तर मिळालं. मीही मग सुखाने भाजी निवडत बसले.

हे देवदयेने बरे होऊन आले. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून जे ठरवलं, ते सांगते. तुमचं पिठाची गिरणी, शिवणकाम, ब्यूटी पार्लर, काहीही असो, उपयोगी पडेल.

माल जमिनीवर नाही. लाकडी फळ्या ठोकून सगळी पोती हातभर उंच घेतली. मीठ-साखर वर, डबे-बाटल्या खाली. दर शनिवारी रात्री उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो काढून मुलीच्या फोनवर पाठवायचे. ती बाहेरगावी असते, म्हणजे एक प्रत गावाबाहेर. दुकानाचा परवाना, विमा, बँकेचं पुस्तक यांच्या नकला प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरी कपाटात वरच्या कप्प्यात. ठोक व्यापारी, वायरमन, शटरवाला यांचे नंबर कागदावर लिहिलेले, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. त्या यादीत जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 आणि तातडीचा 112. वीज आणि नेटवर्क गेलं, की फोनवरून पैसे येत नाहीत. म्हणून थोडी मोड आणि सुट्ट्या नोटा घरी वेगळ्या. शिवाय पंधरा दिवस दुकान बंद राहिलं तरी चूल पेटेल एवढी रक्कम बाजूला. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला, तेव्हा आम्हा किराणावाल्यांचं कसंबसं चाललं. पण समोरच्या शिंपीकाकांचं मशीन कित्येक आठवडे झाकलेलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

विम्याचा कागद वर्षातून एकदा तरी स्वतः वाचा. पत्ता कोणता, माल किती रुपयांचा धरलाय, पूर त्यात आहे का, एवढं बघा. छोट्या धंद्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी आली आहे. तिच्यात आगीबरोबर पूर आणि भूकंपही धरलेले आहेत. सरकारी मदतीवर सगळी भिस्त ठेवू नका. जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला दुकानंच्या दुकानं बुडाली. तेव्हा सरकारने दुकानदाराला जाहीर केले ते जास्तीत जास्त 50 हजार आणि टपरीवाल्याला 10 हजार. तेही पंचनामा आणि कागद असतील तर. म्हणून पाणी शिरलंच, तर आधी फोटो, मग पंचनामा आणि मगच झाडू. वीज बंद केल्याशिवाय मात्र पाण्यात पाय घालायचा नाही.

यातलं काहीही अवघड नाही. आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया करून ठेवतो, ते पावसाळ्यासाठीच ना? तेवढंच हे.

अवघड होतं ते एकच: ह्यांना "मला सगळं दाखवा" असं म्हणणं. ज्याचा गल्ला त्याचा मान, असं पुरुषांना वाटतं. मी म्हटलं, "मान तुमचाच. मला फक्त वही वाचता येऊ दे." दोन दिवस हे गप्प होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच वही घेऊन ओट्याजवळ आले आणि म्हणाले, "हे बघ, इथे खूण असली की पैसे आले."

आता दर बुधवारी दुपारी मी दुकानात बसते. हे घरी झोपतात, म्हणजे झोपल्याचं सोंग करतात आणि दोनदा फोन करतात. नवी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. आज संध्याकाळी ह्यांना चहा देताना तुम्हीही विचारून बघा, आपली दुसरी किल्ली कुठे आहे?