दुमजली बस आणि एक हात

१५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत ‘बेस्ट’ची शेवटची जुनी डबलडेकर धावली. लंडनच्या बसच्या धर्तीवरची ही दुमजली गाडी १९३७ पासून मुंबईकरांच्या सेवेत होती.

आम्हा जवळा बाजारकरांना बस म्हणजे एसटीच ठाऊक. डबलडेकर आम्ही पहिल्यांदा पाहिली ती नानी हजला निघाल्या तेव्हा. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही सारे त्यांना निरोप द्यायला मुंबईला गेलो होतो. गाडीच्या मागच्या बाजूला दार नव्हतेच. उघडी जागा, धरायला दांडा आणि तिथूनच वर जाणारा जिना. आम्ही भावंडे धावत वर गेलो आणि पुढच्या काचेशी बसलो. वर एक कंडक्टर, खाली दुसरा. खालच्याने नानींना हात देऊन चढवले आणि त्या नीट बसेपर्यंत घंटी दिली नाही.

परत आल्यावर नानी म्हणाल्या, “अरफातच्या मैदानात मी त्या मुलासाठीही दुआ मागितली. नाव विचारायचं राहिलं, पण अल्लाहला ठाऊक आहे.”

दोन कंडक्टर लागत, म्हणून ती गाडी खर्चिक ठरली. नव्या विजेच्या डबलडेकरला दारे आहेत, दोन जिने आहेत, धूरही नाही. हे चांगलेच झाले. पण म्हाताऱ्या माणसाला हात द्यायला कंडक्टरच कशाला हवा? आपल्या एसटीच्या पायऱ्याही उंचच आहेत. मुलांना एवढे शिकवले तरी पुष्कळ.