अबोला नाही, तरी भांडण

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘कॅट इन द रेन’ ही गोष्ट १९२५ साली ‘इन अवर टाइम’ या संग्रहात आली. जेमतेम तीन-चार पानांची. इटलीतल्या एका हॉटेलात एक अमेरिकन जोडपं उतरलं आहे. बाहेर पाऊस पडतो आहे. बायकोला खिडकीतून दिसतं, की बागेतल्या हिरव्या टेबलाखाली एक मांजर अंग चोरून बसलं आहे. तिला ते वर आणायचं आहे. नवरा जॉर्ज पलंगावर पडून पुस्तक वाचतो आहे. मांजर आणून देतो असं तो म्हणतो, पण उठत मात्र नाही.

ती स्वतः खाली जाते. हॉटेलचा म्हातारा मालक तिला पाहून उभा राहतो, मान लववतो. ती भिजू नये म्हणून मोलकरीण छत्री घेऊन मागे येते. पण मांजर निघून गेलेलं असतं. खोलीत परतल्यावर ती एकेक इच्छा सांगू लागते. केस वाढवून अंबाडा घालायचा आहे, मांडीवर मांजर हवं आहे, स्वतःच्या टेबलावर मेणबत्त्या लावून, स्वतःचे चांदीचे काटे-चमचे मांडून जेवायचं आहे. जॉर्ज तिला गप्प बसायला आणि काहीतरी वाचायला सांगतो.

नवरा-बायकोच्या रुसव्याला मराठीत ‘अबोला’ हा नेमका शब्द आहे. अबोल्यात निदान दोघांनाही ठाऊक असतं, की काहीतरी बिनसलं आहे. या गोष्टीत दोघं बोलत असतात, आणि भांडण चालू आहे हे जॉर्जला कळतच नाही. त्याला वाटतं, ती मांजर मागते आहे. तिला हवं असतं घर, आणि त्या घरात तिच्याकडे मान वर करून पाहणारं माणूस.

कुठल्याही मराठी घरात हे ओळखीचं आहे. ‘काय झालं?’ ‘काही नाही.’ मराठी शिकणाऱ्या मुलांनी हे उत्तर नीट ऐकायला शिकावं. मोठ्यांच्या तोंडी ‘काही नाही’चा अर्थ पुष्कळदा ‘खूप काही’ असा असतो.

गप्प राहिलं की शालोम बायित टिकतं, असं मानणारे पुष्कळ असतात. पण तालमूद सांगतो, की शब्बाथचा दिवा आणि हनुक्काचा दिवा यांपैकी एकाच दिव्यापुरते पैसे असतील, तर आधी शब्बाथचा लावावा, घरातल्या शांतीसाठी. अंधारात बसलेल्या घराला शांती कुठली? हेमिंग्वेंच्या गोष्टीतही बाहेर अंधार पडतो. ती खिडकीतून पाहत राहते, तो वाचत राहतो.

शेवटी दारावर थाप पडते. मोलकरीण एक मोठं मांजर घेऊन उभी असते, मालकाने पाठवलेलं. परक्या माणसाने तिचं मागणं मनावर घेतलं. जॉर्ज पुढे काय करतो, हे गोष्ट सांगत नाही.

घरात कुणी ‘काही नाही’ म्हणालं, तर हातातला फोन खाली ठेवून एकदा विचारून पाहावं, ‘तरी पण, सांग ना.’