सात दिवसांची नस्ती

सकाळी नऊनंतर सी.बी.डी. बेलापूर स्थानकातून बाहेर पडणारी गर्दी पाहण्यासारखी असते. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि नजर घड्याळावर. मुंबईवरील भार हलका व्हावा म्हणून १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहिले. भार किती हलका झाला, हा वादाचा विषय. पण कार्यालये आली आणि त्यांच्यामागोमाग नियमही आले.

शासनाच्या नियमांत बारकाव्याची उणीव कधीच नसते. जून २०१९ मध्ये परिपत्रक निघाले : भोजनाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, तीही केवळ अर्धा तास, एका शाखेतील सर्वांनी एकाच वेळी जेवायला जाऊ नये. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला आणि त्याची भरपाई म्हणून कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोशाखाचा विषय हाती घेतला गेला. जीन्स नको, टी-शर्ट नको, गडद रंगाचे वा विचित्र नक्षीकामाचे कपडे नकोत. शुक्रवारी खादी वापरावी.

म्हणजे शरीराची संपूर्ण व्यवस्था झाली. ते केव्हा यावे, काय ल्यावे, केव्हा जेवावे, सारे ठरले. मन कुठे असावे, एवढेच ठरायचे राहिले. बायोमेट्रिक यंत्राला अंगठा ओळखता येतो; अंगठा टेकवून टपरीकडे वळलेली पावले त्याला दिसत नाहीत. टेबलावर चष्मा आणि उघडे पेन ठेवून गेलेला कर्मचारी तासभर 'जागेवरच' असतो.

यावरही उपाय आहे. दप्तरदिरंगाई रोखण्यासाठी महाराष्ट्राने २००५ चा कायदा केला. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये. तातडीची असल्यास शक्यतो चार दिवसांत निघावी, असे तो सांगतो. हेतू उत्तम, पण आळसाची प्रतिभा त्याहून उत्तम. सहाव्या दिवशी नस्तीवर 'चर्चा करावी' असा शेरा उमटतो आणि ती शेजारच्या टेबलावर जाते. तेथून 'तपासून सादर करावे' असे लेवून ती परत येते. नस्ती कुठेच पडून राहत नाही, ती अखंड विहार करते. कायदा पाळला जातो, काम मात्र होत नाही. निवृत्तिवेतनासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या वृद्धाला तेवढी पुढची तारीख मिळते.

आपल्या परंपरेत आळसाला 'प्रमाद' हा अधिक नेमका शब्द आहे. प्रमाद म्हणजे केवळ झोप नव्हे, तर अनवधान. समोरच्या कर्तव्याविषयीची बेसावध वृत्ती. पूर्ण वेळ खुर्चीत बसूनही तो घडतो. पेढीवर बसणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. लक्ष नसले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. खिडकीशी उभ्या असलेल्या वृद्धाला दुसरे दुकान नसते.

आणि अशा प्रत्येक शाखेत एखादी तरी व्यक्ती अशी असते, जी स्वतःच्या नस्त्या संपवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्याही हातावेगळ्या करते. डबा दोननंतर उघडते, गाडी चुकवते, आणि 'तिला द्या, ती करते' एवढीच तिची ख्याती होते. कार्यालय चालते ते तिच्यामुळे. तिच्यासाठी मात्र अद्याप एकही परिपत्रक निघालेले नाही.