चव घ्यायला लेकरं चालतील

वडसा,
२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

विदर्भ एक्स्प्रेसनं गोंदियाला उतरलो, तिथून वडशाची गाडी धरली. सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेली द्राक्षं नागपूर यायच्या आधीच संपली.

खरं सांगू? भाऊजींनी लेकरांना वाइनच्या मळ्यावर न्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता. आपल्या जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी. माझ्या पोरांनी दारू पाहिली ती रस्त्यावरच्या झोकांड्यांत आणि शेजारणीच्या रडण्यात. काचेच्या कपाटात, दिव्याखाली मांडलेली बाटली ती पहिल्यांदाच पाहत होती.

पण त्यांचं लक्ष बाटल्यांकडे नव्हतंच. वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांहून बारीक, जाड सालीची, बियांची. धाकट्यानं तोंडात टाकून लगेच थुंकली. मोठीनं काळं द्राक्ष चिरडलं, तर रस पांढरट! मग लाल वाइन लाल कशी? रंग सालीत असतो, रस सालीसकट आंबवला की लाल होतो, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. यीस्ट साखर खातं आणि तिची दारू होते, हेही समजावलं. चव घेण्याच्या दालनात मात्र दोघं दहा मिनिटांत कंटाळली. आळीपाळीनं एकानं त्यांच्याबरोबर बाहेर थांबायची तुझी युक्ती कामी आली. येताना भाऊजींनी सांगितलं, मळा सुरू करणाऱ्या राजीव सामंतांनी त्याचं ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभाच्या, नावावरून ठेवलं. तेव्हापासून धाकटा माझ्या नावाचं दुकान काढतोय.

रात्री गाडीत मोठीनं विचारलं, "आई, मोहाचीपण अशीच होते ना? मग आपल्याकडे लपवून का काढतात?"

मी सांगितलं, बंदी आपल्याकडच्या बायांनीच मागितली होती. घरधन्याची मजुरी भट्टीवर संपायची, चूल थंड राहायची. तुला तर ते दिवस आठवत असतील.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण ते काका दुसऱ्याच गाडीचं दार ओढत होते." मळ्याबाहेर चांगल्या कपड्यांतला तो माणूस मीही पाहिला होता, तिनं पाहिला असेल असं वाटलं नव्हतं. मी आणखी काही समजावायच्या भानगडीत पडले नाही.

आता तुझी पाळी. मार्चअखेर लेकरांना घेऊन ये. मोह पहाटे गळतो. अंधारातच टोपली घेऊन निघावं लागतं, नाहीतर ऊन चढतं आणि गुरंही येतात. झाडाखाली पाय ठेवला की गोड, उग्र वास अंगाला चिकटतो. वेचलेला मोह अंगणात वाळवू, भाजून तिळाबरोबर कुटू, लाडू वळू.

त्याची चव घ्यायला लेकरांना बाहेर थांबावं लागणार नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी