दत्तक घेण्याआधीचे दिवस

घरात राहून उपेक्षा झालेला कुत्रा सांभाळायला अनेकदा रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याहून अवघड जातो. रस्त्यावरच्याला माणसे, गाड्या, इतर कुत्री यांच्यातून वाट काढता येते. गच्चीवर किंवा बाल्कनीत वर्षानुवर्षे बांधलेल्याने साखळी पुरेल तेवढेच जग पाहिलेले असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला सतत बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे, सोडून देणे हे सगळे गुन्हेच आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्यामुळे सुटका बहुधा शेजाऱ्यांच्या चिकाटीने आणि मालकाच्या मनधरणीने होते, आणि कुत्र्याला फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरते, ठेवून घेणारे घर शोधावे लागते.

हाडे दिसणारा कुत्रा घरी आला की त्याला पोटभर खाऊ घालावेसे वाटते. धोका नेमका तिथेच असतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणे मिळाले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये जाते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्यावे. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, तेव्हा औषध घराच्या कोपऱ्यांनाही लागते. खरुजेचा एक प्रकार माणसांनाही होतो. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांना किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे.

शरीर सावरते. मनाला अधिक वेळ लागतो, आणि गैरसमज होतात ते तिथेच. सुरुवातीला असा कुत्रा कोपऱ्यात गप्प पडून राहतो. भुंकत नाही, काही मागत नाही. घरचे म्हणतात, किती शहाणा आहे. त्याच्या डोळ्यांत त्यांना कृतज्ञता दिसते. बहुतेक वेळा ती भीती असते. उकाडा नसताना धापा टाकणे, ओठ चाटत राहणे, घर झोपल्यावरच वाटीपाशी जाणे ही तिची लक्षणे. कुकरची शिट्टी, लिफ्टचे दार, गुळगुळीत फरशी, सगळेच त्याला नवे असते. त्याला ठरलेली जागा आणि ठरलेल्या वेळा द्याव्यात. शेजारी बसावे ते पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून, डोळ्यांत न पाहता. जवळ यायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. जिथे झोपायचे तिथेच घाण करण्याची सवय त्याला बांधून ठेवल्यामुळे लागलेली असते. झोपून उठल्यावर आणि प्रत्येक खाण्यानंतर बाहेर नेले की ती सुटते. रागावून सुटत नाही.

काही आठवड्यांनी तो बदलतो. दार वाजले की भुंकतो, चप्पल पळवतो, वाटीजवळ कुणी आले तर गुरगुरतो. मग ‘लाडाने बिघडला’ असे म्हटले जाते. खरे तर आता कुठे त्याला सुरक्षित वाटू लागलेले असते. गुरगुरणे दडपू नये; ती सूचना आहे, आणि सूचना द्यायला बंदी झालेला कुत्रा थेट चावतो. जाता-येता वाटीपासून थोड्या अंतरावरून उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकत राहिले की माणूस जवळ येणे त्याला हळूहळू हवेसे वाटते.

दत्तक घेण्याचा निर्णय हा टप्पा ओलांडल्यावर, साधारण तीन महिन्यांच्या सुमारास, घ्यावा. पहिल्या आठवड्यात घेतलेला निर्णय दयेपोटी असतो, दुसऱ्या महिन्यात दिलेला नकार थकव्यापोटी. दोन्हींत कुत्र्याचा खरा स्वभाव पाहिलेलाच नसतो. दया खोटी नसते, पण पुढची दहा-बारा वर्षे तिच्यावर निभत नाहीत. घर दिवसभर रिकामे असते का, आधीच्या कुत्र्याला हा सोसतो का, आजी-आजोबांच्या पायात येतो का, दरवर्षीची लस आणि त्वचेची औषधे परवडतील का, हे आधी पाहावे. आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते: हा कुत्रा कायमचा राहिला की बहुधा त्या घरात पुढच्याला जागा उरत नाही.

दुसरे चांगले घर मिळत असेल तर त्याला पाठवण्यात विश्वासघात नाही. एकदा माणसावर विसंबायला शिकलेला कुत्रा दुसऱ्यांदा बहुधा लवकर रुळतो. पण काही कुत्र्यांची सारी प्रगती एका माणसावर आणि एका दिनक्रमावर उभी असते. म्हातारपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा अनोळखी पुरुषांची भीती यांमुळे त्यांना हलवणे म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशाला ठेवून घ्यावे, आणि मग हात राखून ठेवू नये.

त्यानंतरची कामे थोडी आहेत: अंगात ताकद आल्यावर नसबंदी, लसीच्या कार्डावर नवे नाव, महापालिकेचा परवाना. सर्वांत आधी मात्र जुन्या मालकाकडून हक्क सोडल्याचे लेखी घ्यावे. केस परत आलेला, तुकतुकीत झालेला कुत्रा पाहून तो परत मागायला येणारे मालक असतात.